सोमवारी न्हाणारी सायकल

मागच्या वर्षी हायवेवरचा एक हॉटेलवाला माझ्या दुकानात आला. पांढरी गाडी रस्त्यात आडवी लावली, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "आप्पा, जुनी सायकल पाहिजे. गंजलेली असली तर लईच चांगलं." मी म्हणालो, गंजाची काळजी करू नका, सगळा काढून, रंग मारून, चकचकीत करून देतो. तर तो घाबरलाच. म्हणाला, "न्हाई न्हाई, गंज काढू नका. गंजालाच तर गिऱ्हाईक हाय." त्याला ती सायकल हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती. हँडलला प्लास्टिकची फुलं, कॅरिअरवर दुधाची किटली, आणि जेवून उठलेल्या लोकांनी तिच्याखाली उभं राहून फोटो काढायचे. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. जन्मभर ज्या गंजाशी हाणामारी केली, त्यालाच आता मान मिळायला लागला. हसावं का रडावं, तुम्हीच सांगा.

युसूफ वडगावात बाजाराच्या रस्त्याला माझं सायकलचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याचं खोकं आणि पुढं लिंबाची सावली. आमचं घराणं तराजूचं. वडिलांचं किराणा दुकान होतं. वाण्याच्या पोरानं पाना हातात धरला म्हणून भावकीत बोलणं झालं. हात काळे करून घेतो, ह्याला बायको कोण देणार, असं आत्या म्हणाली होती. बायको मिळाली, हातही काळे झाले, आणि दोन्हींची कधी तक्रार केली नाही. आता दुकान सुनेनं मोबाइलच्या कव्हरांनी भरलंय. एक कोपरा माझ्यासाठी सोडलाय, तिथं मी जुन्या सायकली उकलत बसतो.

जुनी सायकल नवी करणं म्हणजे रंग मारणं, असं लोकांना वाटतं. अहो, रंग तर नवरीच्या अंगावरच्या हळदीसारखा, शेवटी लागतो. त्याआधी सगळी बोलणी उरकलेली असावी लागतात. सायकल आली की मी आधी तिचा सांगाडा मोकळा करतो आणि पान्यानं एकेक नळी वाजवून बघतो. बाजारात बाया माठ वाजवून घेतात ना, तसंच. धड नळी खणकन बोलते. आतून खाल्लेली नळी भद् करते. वरचा गंज हा कातडीचा रोग, रॉकेल लावून पॉलिश पेपरनं घासला की जातो. आतला गंज दिसत नाही, तो वरून छान काळा रंग ठेवून आतनं लोखंडाचं पीठ करतो. असल्या सायकलीवर रंग मारून देणारा कारागीर मला भेटला तर मी त्याला त्याच सायकलीवर बसवून घाट उतरायला लावीन.

रंगावरून आठवलं. आमच्याकडं एक पुढारी होते, मोठे नव्हे, सरपंचकीच्या आसपास घुटमळणारे. दर निवडणुकीला ते ज्या पक्षात असतील त्या पक्षाचा रंग सायकलीला मारायचे. म्हातारपणी ती सायकल माझ्याकडं आली. मी खरवडायला बसलो, तर एकाखालून एक पक्ष निघायला लागला. समोर खुर्ची टाकून पुढारी बघत होते. प्रत्येक थराला ते सांगायचे, इथं आपल्याला अमक्यानं दगा दिला, इथं आपणच त्याला दिला. शेवटी मूळचा काळा रंग लागला तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आप्पा, आता हाच." लोखंड मात्र एकदम धड निघालं. इतक्या रंगांखाली पाणी शिरायला जागाच नव्हती.

पण ज्या सायकलीसाठी हे लिहायला बसलो ती वेगळी. हॉटेलवाला येऊन गेला त्यानंतर, गणपतीच्या आगेमागे, दुकानापुढं एक पिकअप टेम्पो उभा राहिला. चालवणारा पन्नाशीचा गडी, तेलगावचा विश्वनाथ. शेजारच्या सीटवरून त्याची आई उतरली, गयाबाई. कपाळाला भस्म, अंगानं काडी, पण पाठ ताठ. आमच्यापैकीच, महादेवाची माणसं. मी त्यांना अक्का म्हणालो आणि त्या मला आप्पा म्हणाल्या, झाली ओळख.

टेम्पोत गोधडीवर सायकल आडवी निजवली होती. बघून माझा जीव हरखला. विलायती सायकल, त्या काळी शेदोनशे गावांत एखाद्याकडं असायची असली. पुढच्या नळीवर पितळेचा बिल्ला, त्याच्यावर हळदीकुंकवाचा बोटभर थर. अक्कांचे मालक गुरुलिंग कापडाचं गाठोडं कॅरिअरला बांधून बाजार करायचे. एकदा अंगात ताप असताना लिंबागणेशच्या बाजाराला गेले. अक्का नको म्हणत होत्या, तर हसून घंटी वाजवली आणि निघाले. परत आले ते बैलगाडीत निजून, सायकल गाडीच्या मागं बांधलेली. चार दिवसांत खेळ आटोपला. विश्वनाथ तेव्हा पहिलीत होता. तेव्हापासून सायकल घरात मधल्या खोलीत उभी. कोणी बसलं नाही, कोणाला बसू दिलं नाही.

आता तो हॉटेलवाला फिरत फिरत तेलगावला पोचला होता, आणि विश्वनाथनं त्याला सायकल द्यायचं कबूल केलं होतं. अक्का म्हणाल्या, माझ्या मढ्यावरून न्या. मायलेकरांत चांगलीच जुंपली. शेवटी भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं बोली ठरवली, की दसऱ्यापर्यंत सायकल चालती झाली तर ती अक्कांच्या घरात राहील, नाही झाली तर हॉटेलच्या भिंतीवर जाईल. ही बोली दोघांनी माझ्यापुढं पुन्हा एकदा कबूल केली.

अक्का पाणी प्यायला आत गेल्या तसा विश्वनाथ माझ्याजवळ सरकला. म्हणाला, "आप्पा, उगं जीवाला तरास करून घेऊ नका. होत न्हाई म्हणून सांगा, म्हंजे झालं."

माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "कावून बे? बापाची सायकल हाय, अन् तूच तिला फाशी द्यायला निघालास व्हय?"

तो खाली बघून टेम्पोत जाऊन बसला. मी मनात म्हणालो, बघा, हल्लीची अवलाद. बापाचं पितळ दिसतंय, बाप दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल उकलली. चाकांचा गंज वरवरचा, तो घासून गेला. मागची नळी वाजवली, खणकन बोलली. सीटखालची बोलली. हँडलकडून पायडलकडं तिरकी येते ती नळी वाजवली, आणि वरच्या टोकाला भद् झालं. पुन्हा वाजवली, पुन्हा भद्. मी चक्रावलो. घरात उभी असलेली सायकल, ऊन नाही की पाऊस नाही, हिला पुढच्याच बाजूला खाल्लं कोणी? हँडल काढलं. आत छर्रे असतात, त्यांच्यावर हँडल फिरतं. तिथं छऱ्यांच्या जागी हळद, कुंकू आणि अक्षतांचा लगदा, सुकून दगड झालेला. तिरक्या नळीला स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर ते आत गेलं आणि लाल भुगा माझ्या मांडीवर पडला. कुंकू कुठलं आणि गंज कुठला, ओळखू येईना. पाण्याशिवाय असं होत नाही. कोणीतरी ह्या सायकलीच्या डोक्यावर वर्षानुवर्षं पाणी ओतत होतं.

बाजाराच्या दिवशी अक्का एसटीनं एकट्याच आल्या, काम कुठवर आलंय ते बघायला. मी विचारलं, सायकलीवर पाणी पडायचं का? त्यांचा चेहरा फुलला. पडायचं कशाला, म्हणाल्या, मीच घालते. दर सोमवारी महादेवाला पाणी घालून आल्या की तांब्यात थोडं मागं ठेवायच्या. ते हँडलच्या मुळापासून सायकलीच्या बिल्ल्यावर घालायचं, मग हळदीकुंकू, मग अक्षता. दसऱ्याला नारळाचं पाणी. आजारी असल्या तरी सोमवार चुकू दिला नाही.

आता काय बोलावं? थाप मारता आली असती. जुनं लोखंड आहे अक्का, म्हणून वेळ मारून नेली असती. पण मी नवी नळी बसवणार, आणि ह्या पुन्हा सोमवारी तांब्या घेऊन उभ्या राहणार. मी त्यांना स्टुलावर बसवलं, सांगाडा पुढं ओढून भोक पडलेली नळी त्यांना दाखवली आणि जे होतं ते सांगितलं.

त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. बोटाला लाल लागलं ते पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "म्हादेवाच्या पिंडीवर इतकं पाणी वततो आपण आप्पा. तिला कदी गंज आला का?"

मी म्हणालो, "तो दगड हाय, अक्का."

"मला वाटायचं, मी त्यांच्या वस्तूला जपायले."

त्या उठताना म्हणाल्या, देऊन टाका हॉटेलवाल्याला, माझ्याच हातानं खाल्ली म्हणल्यावर आता कोणत्या तोंडानं ठेवू. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी म्हणालो, बोली दसऱ्यापर्यंतची आहे, ती मोडायचा तुम्हाला अधिकार नाही आणि मलाही नाही. तुम्ही एसटी गाठा.

बोलून तर बसलो, पण करायचं कसं? एक गोष्ट बाहेरच्यांना सांगितली पाहिजे. हल्ली गावोगाव वेल्डिंगची दुकानं झालीत, ट्रॉल्या आणि गेट जोडतात. त्यांच्यापुढं सायकलीची पातळ नळी नेली की ती जळून तिची चाळणी होते. जुन्या सायकलींचे सांधे पितळेनं झाळलेले असतात. लोखंड तापवायचं, वर टाकणखार टाकायचा, आणि पितळेची कांडी टेकवली की पितळ वितळून आपोआप सांध्यात शिरतं. पण तापवणं नेमकं पाहिजे. लोखंड केशरी झालं पाहिजे, पांढरट व्हायच्या आत ज्योत काढली पाहिजे. कमी तापलं तर पितळ वरच्या वर बसतं, दिसायला सुंदर, धरायला कुचकामी. जास्त तापलं तर नळी गेली. हे काम करणारी माणसं ह्या भागात कोण उरलीत ते मी मोजत नाही, उगाच वाईट वाटतं. माझेही हात आता चहाचा कप धरताना हलतात.

नळी मिळाली केजच्या महेबूबभाईकडं. त्याचं भंगाराचं दुकान. तो माझ्या वयाचा, आणि माझ्यासारखाच टाकायच्या वस्तू न टाकणारा. मोडलेल्या सायकलींच्या ढिगातून त्यानं तसाच एक विलायती सांगाडा ओढून काढला. पुढचं चाक धरणारा चिमटा नाही, मागची बाजू वाकलेली, पण तिरकी नळी वाजवली आणि ती खणखणली. महेबूब म्हणाला, "ले जाव आप्पा. मेरे पास पडी तो लोखंड, तुम्हारे पास पडी तो सायकल."

नवरात्रात एके सकाळी, वारा पडलेला असताना, गॅस पेटवला. आधी जुना सांधा तापवून गुरुलिंगांच्या सायकलीची कुजकी नळी ओढून काढली, मग ढिगातली बसवली. हँडलच्या नळीपासून मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत दोन्ही अंगांनी दोरा लावून सांगाडा सरळ आहे का ते बघितलं. सून दुकानातून बघत होती. म्हणाली, मामंजी, एवढं काय त्यात, नवी सायकल येते की. मी तिला म्हणालो, नवी येते, ही येत नाही. ज्योत हातात घेतली तेव्हा मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण केशरी रंग चढायला लागला तसा हात आपसूक स्थिर झाला, आणि पितळ सांध्यात असं शिरलं, जसं तापल्या भाकरीत लोणी. मी तिथंच खाली बसलो आणि महादेवाचं नाव घेतलं. लाल प्रायमर, वर काळा रंग, त्यावर केसांच्या कुंचल्यानं सोनेरी रेघा. बिल्ल्यावरचा हळदीकुंकवाचा थर मात्र पूर्ण काढला नाही, कडेला थोडा राहू दिला.

दसऱ्याला मायलेकरं टेम्पो घेऊन आली. मी पाने, पकडी, पितळेची कांडी सगळं पाटावर मांडून झेंडू वाहिला होता. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. सांगाडा झाळला की पहिल्यांदा झाळणाऱ्यानं बसायचं. मोडला तर त्याचं थोबाड फुटावं, गिऱ्हाइकाचं नको. मी कॅरिअरवर ज्वारीचं पोतं बांधलं, बसलो आणि बाजारातल्या खड्ड्यांतून मुद्दाम सायकल घालून चक्कर मारून आलो. काही वाजलं नाही, काही हललं नाही. अक्कांचे डोळे भरून आले. ताटातलं हळदीकुंकू त्यांनी बोटानं, कोरडंच लावलं. पाण्याचा तांब्या आणलाच नव्हता.

विश्वनाथ दोन्ही हात खिशात घालून उभा होता. म्हणाला, "चालती झाली, कबूल. पण घरात नको मला ती. मी हॉटेलवाल्याकडं घेऊन चाललो."

"बोली काय ठरलती?" मी म्हणालो. "आईच्या तोंडाकडं तरी बघ."

त्यानं आईकडं बघितलं नाही. सायकलीच्या चाकाकडं बघून म्हणाला, "आमच्या वस्तीपासून शाळा लई लांब व्हती, आप्पा. सगळी पोरं सायकलीवर जायची. मी दहावी होस्तवर पायी गेलो. उन्हाळ्यात पाय भाजायचे. अन् ही घरात उभी व्हती. हार घालून."

मग त्यानं सांगितलं. दहा-अकरा वर्षांचा असताना आई शेतात गेलेली बघून त्यानं एकदा सायकल बाहेर काढली होती. सीटवर पाय पुरत नव्हते, म्हणून नळ्यांच्या मधून पाय घालून चालवायला बघत होता. आई आली आणि तिनं बाभळीच्या शेमटीनं मारलं. बापाच्या जागेवर पाय देतो का, म्हणाली. त्या दिवसापासून त्यानं कोणत्याच सायकलीला हात लावला नाही. "मला येतच न्हाई, आप्पा. मोटारसायकलबी न्हाई. चार चाकं असली तरच बसतो. पोरं हसतेत माझी."

ज्याला मी अवलाद म्हणालो होतो तो लहानपणी भाजलेले पाय घेऊन माझ्यापुढं उभा होता. अक्का दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, ताट मांडीवर. त्या ताटाकडं बघतच म्हणाल्या, "तिच्यावर बसून गेलते ते. अन् बैलगाडीत आले. तू बी बसलास की मला तेच दिसायचं रे."

"मंग सांगायचं ना तसं," विश्वनाथ म्हणाला. "मला वाटलं, तुला तीच लाडकी हाय."

रस्त्यानं माणसं सीमोल्लंघनाला निघाली होती. अक्कांनी ताट पायरीवर ठेवलं, उठल्या, पदर खोचला आणि सायकलीचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं. म्हणाल्या, "बस."

तो म्हणाला, लोकं बघतील. मी म्हणालो, आज दसरा आहे, लोकं सोनं लुटायला चाललेत, तुझ्या तोंडाकडं कोण बघतंय. पोतं सोडलं, सीट खाली केली. शेजारीच झेडपीच्या शाळेचं मैदान, सुट्टीमुळं मोकळं. विश्वनाथनं खिशातला मोबाइल काढून माझ्या हातात दिला, चपला फाटकापाशी काढल्या आणि देवळात शिरावं तसा सायकलीवर बसला. पहिल्यांदा डावीकडं कलंडला, मग उजवीकडं. पन्नाशीचा, चांगला भरलेला गडी, आणि मागं चिमणीएवढी म्हातारी. मी एका बाजूनं हँडलला हात देत पळत होतो. आम्ही तिघं मिळून काय दिसत असू, देव जाणे. फाटकाशी दोन बाया थांबून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मध्येच मोबाइल वाजला. हॉटेलवाला होता, गाडी पाठवू का विचारत होता. सायकल कामात हाय म्हणालो आणि ठेवला.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला विश्वनाथचं हँडल सरळ झालं. मी हात काढून घेतला आणि कडेला झालो. सायकल नीट चालली होती, नळी गप्प होती, सोनेरी रेघ उन्हात दिसत होती. अक्का मात्र अजून कॅरिअर धरून मागं धावत होत्या, एक चप्पल कधीच निघून पडली होती. त्यांना धाप लागलेली बघून मी ओरडलो, "अक्का, सोडा आता. जमलंय त्याला."

त्यांनी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," त्या धावता धावता म्हणाल्या. "धरायचं व्हतं तवा धरलं न्हाई. आता कुठं धरलंय."